रंगीत पानांची झुडपे नव्या घरी नेताना

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या आवारात दोन माणसे रंगाचा डबा घेऊन आली आणि झाडांवर नंबर टाकून गेली. नारळाला नंबर पडला, आंब्याला पडला, कुंपणाजवळच्या उंबरालाही पडला. अम्मी खिडकीत बसून सगळे पाहत होत्या. माणसे निघाली तशी त्यांनी हाक मारली, "अरे बाबांनो, इकडची राहिली की!" इकडची म्हणजे आमच्या खिडकीखालची झुडपे. त्यातला एक जण हसून म्हणाला, "आजी, ती झाडं नाहीत, शोभेची आहेत."

अम्मी त्या दिवशी दुपारी नीट जेवल्या नाहीत.

विक्रोळी पूर्वेला, हायवेच्या पलीकडे खाडीच्या बाजूला आमचे कन्नमवार नगर. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार 1963 साली पदावर असतानाच गेले, त्यांचे नाव या वसाहतीला दिलेले. चार मजल्यांच्या जुन्या इमारती, लहान खोल्या, पण दोन इमारतींच्या मध्ये मोकळी जागा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी त्या जागेत आपापल्या खिडकीखाली काही ना काही लावले. आता एकामागून एक इमारती पुनर्विकासाला जात आहेत. आमची पाळी दिवाळीनंतर. मग तीन-चार वर्षे भाड्याचे घर आणि अल्लाहने चाहले तर पुढे तेराव्या मजल्यावर नवे घर. त्याला बाल्कनी आहे म्हणतात. नकाशात तरी आहे.

या सदराच्या वाचक बहिणींपैकी कितीतरी जणी याच वाटेवर आहेत हे आम्हाला पत्रांवरून कळते. म्हणून या खेपेला आम्ही दोघी जावांनी ठरवले की आमच्या खिडकीखालच्या रंगीत पानांच्या झुडपांवरच लिहायचे. ती नव्या घरी कशी न्यायची, कोणती न्यावीत आणि कोणाचा नाद सोडावा, एवढेच.

पहिली गोष्ट अम्मींना समजावायला आम्हाला दोन दिवस लागले. वीस-पंचवीस वर्षांचे झुडूप जमिनीतून उपटून कुंडीत बसवता येत नाही. मुळे लांबवर गेलेली असतात, खणताना निम्म्याहून अधिक तुटतात आणि वरचा पसारा तेवढ्या मुळांवर तगत नाही. पण त्याची काडी लावली तर ते झुडूपच पुढे चालू राहते. बी लावले तर पानांचा रंग कसा निघेल याचा भरवसा नसतो. काडीचे तसे नाही, तिच्यात तोच रंग, तीच नक्षी, तेच झाड. अम्मी म्हणाल्या, "म्हणजे हे ह्याचं पोर नाही, हे तेच?" होय, तेच. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

दुसरी गोष्ट अशी की ही झुडपे बाल्कनीसाठीच केल्यासारखी आहेत. पानात जेथे पांढरा किंवा पिवळट पट्टा असतो तेथे हिरवे द्रव्य कमी असते. झाड आपले अन्न त्या हिरव्या द्रव्याच्या जोरावर बनवते. ते कमी म्हणून वाढ सावकाश, आणि वाढ सावकाश म्हणून कुंडीत वर्षानुवर्षे आटोपशीर राहतात. मात्र याचा एक उलटा परिणाम आहे. चितकबऱ्या झुडपाला कधीकधी एखादी संपूर्ण हिरवी फांदी फुटते. बघणाऱ्याला वाटते झाड जोमात आले. ती फांदी इतरांपेक्षा भराभर वाढते आणि दोन पावसाळ्यांत सगळे झुडूप हिरवे करून टाकते. दिसताच ती बुडापासून काढावी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची चितकबरी तगर अशीच गेली. आम्ही सांगितले होते, पण हिरव्या फांदीला कात्री लावायला त्यांचा हात धजला नाही.

आता आमच्या खिडकीखाली काय काय आहे ते सांगतो.

सगळ्यात जुने क्रोटन. अम्मी लग्नानंतर काही वर्षांनी माहेरी, रत्नागिरीकडे गेल्या होत्या, तेव्हा अंगणातल्या क्रोटनची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने घेऊन आल्या. कोकणात घराघरांपुढे हे झुडूप असते, त्यामुळे ते इथलेच वाटते. खरे तर ते इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांकडचे. सतराव्या शतकात तिथल्या अंबोन बेटावर रुम्फियस नावाचा डच कंपनीचा नोकर राहत होता. त्याची दृष्टी गेली तरी तो वनस्पतींची वर्णने लोकांकडून लिहवून घेत राहिला. त्याचा ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, 1741 पासून पुढे. क्रोटनचे आजचे शास्त्रीय नाव त्याने नोंदवलेल्या तिथल्या स्थानिक नावावरून पडले आहे. तेव्हा अम्मींच्या आधीही हे झुडूप बराच प्रवास करून आलेले आहे.

क्रोटनचा रंग उन्हावर असतो. सकाळचे चार तास ऊन मिळाले तर लाल, केशरी, पिवळा असे सगळे उमटते. सावलीत ठेवले तर जगते, पण नवी पाने हिरवीच येतात. पुष्कळ जणी आम्हाला सांगतात की नर्सरीवाल्याने फसवले, आणल्यावर रंग गेला. फसवले नसते, जागा चुकलेली असते. उन्हात नेले की नव्या पानांवर रंग परततो. जुन्या पानांवर तो यायचा नाही, तेवढी वाट पाहावी लागते. फुले म्हणाल तर बारीक, पांढरट तुऱ्यांवरची, कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

आमचे क्रोटन सहा फूट उंच आणि खालून उघडे झालेले. अशा झाडाची काडी लावण्यापेक्षा गुटी बांधणे बरे. पावसाला सुरुवात झाली की अंगठ्याएवढी जाड, चांगल्या पानांची फांदी निवडायची. शेंड्यापासून हातभर खाली चाकूने 1 इंच रुंदीची साल गोल काढायची. आतले ओलसर बुळबुळीत पुसून घ्यायचे, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटतच नाहीत. त्यावर भिजवून पिळलेले शेवाळ मूठभर लावायचे, वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधायचे. 6 ते 8 आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसतात. मग गुटीच्या खालून कापून कुंडीत. हातभर उंचीचे भरलेले झाड लगेच मिळते. आम्ही या जूनमध्ये पाच गुट्या बांधल्या आहेत, एक-दोन फुकट जातील हे धरून.

हा चीक अंगाला लागू देऊ नका. काहींच्या हाताला खाज सुटते, कपड्यावर पडला तर डाग जात नाही. मुलांना पाने तोंडात घालू देऊ नयेत.

क्रोटनशेजारी तांबूस पानांचे अकॅलिफा आहे. नर्सरीत त्याला काहीही नावे सांगतात. हे इतके सोपे झुडूप की त्याबद्दल लिहायलाच नको. पावसात वीतभर काडी मातीत खोचली की तीन आठवड्यांत धरते. शेपटीसारखे लालसर तुरे येतात. वर्षातून दोनदा छाटले नाही तर मात्र खिडकी झाकून टाकते.

खरी काळजी आम्हाला मुसांडाची होती. गुलाबी मुसांडा, पावसाळ्यात असा भरतो की रस्त्यावरून जाणारे थांबून पाहतात. ज्या गुलाबी पाकळ्या म्हणून आपण पाहतो त्या पाकळ्या नाहीत. कळीला खालून धरणारी जी बारीक हिरवी दले असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना निदले म्हणतात, तीच मोठी आणि रंगीत झालेली आहेत. खरे फूल मध्ये असते, चिमुकले पिवळे, चांदणीसारखे. याचाच रानातला भाऊबंद आपल्याकडे सह्याद्रीत आहे, त्याला भूतकेस म्हणतात. पावसात माथेरानला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर हिरव्या गर्दीत मधेच एखादे पान पांढरेफटक दिसते आणि त्याच्या बुडाशी केशरी चांदणी. भूतकेसाच्या फुलाचे एकच दल पांढरे होते. फिलिपाइन्समध्ये माकिलिंग डोंगरावर 1915 साली असे झुडूप सापडले की त्याची पाचही दले पांढरी होती. पुढे तिथले अध्यक्ष झालेले केझोन यांच्या पत्नीचे नाव त्याला दिले, 'डोना अरोरा'. त्याचा संकर आफ्रिकेतल्या लाल मुसांडाशी केला तेव्हा आपल्या दारातले गुलाबी रंग निघाले.

अशा संकरित मुसांडाला बी सहसा धरत नाही, आणि काडी हट्टी. साधी काडी लावली तर दहातल्या दोन लागतात, असा आमचा अनुभव. नर्सरीत मुळे फुटायची पावडर मिळते, तिच्यात काडीचे ओले टोक बुडवून झटकून लावले तर निम्म्या लागतात. हळद लावा, मध लावा असे सांगणारेही भेटतात. आम्ही दोन्ही करून पाहिले, फरक दिसला नाही. शेवटी यालाही गुटीच बांधली.

मुसांडा घेऊन जाणाऱ्या बहिणींना एक सांगणे. थंडीत तो पाने टाकतो आणि मेल्यासारखा दिसतो. घाबरून भरपूर पाणी घालू नका, त्यानेच तो खरा मरतो. पाणी कमी करा, फेब्रुवारीअखेर गुडघ्याएवढा ठेवून छाटा. मार्चमध्ये फुटवे येतात आणि कुंडीत तो ठेंगणा, दाट राहतो.

काकूंकडून आलेली चितकबरी जास्वंद आमच्याकडे आहे. पाने अरुंद, हिरव्यावर पांढरे आणि गुलाबी शिंतोडे, फूल लहान लाल. गणपतीत काकू सकाळी खिडकीवर टकटक करतात, आम्ही फुले काढून देतो. ती जास्वंद आता दोन्ही घरी जाणार, त्यांच्या आणि आमच्या. तिच्यावर पिठ्या ढेकूण फार बसतो, कापसासारखा. जुन्या टूथब्रशने पुसावा, आणि 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे चार-पाच थेंब घालून आठवड्याने एकदा, असे तीनदा संध्याकाळी फवारावे. उन्हात फवारले तर पाने करपतात.

पॉइन्सेटियाची गंमत सांगायची राहिली. नाताळाच्या सुमारास शेंड्याची पाने लाल होतात ते झुडूप. आमचे एका बाजूने लाल व्हायचे, दुसऱ्या बाजूने हिरवेच राहायचे. अम्मी म्हणायच्या, नजर लागली. मग लक्षात आले की हिरवी बाजू आवारातल्या दिव्याकडे होती, तो दिवा रात्रभर जळतो. या झुडपाला रात्र मोठी झाल्याचे कळावे लागते, तेव्हाच ते रंग धरते. आपल्याकडे ऑक्टोबरपासून रात्र 12 तासांच्या वर जाते, तेवढी त्याला पुरते, पण अंधार सलग हवा. बाल्कनीत रात्री ट्यूबलाइट लागत असेल तर पॉइन्सेटिया घेऊच नका. आम्हीही नेणार नाही.

दुरांटाचे पिवळे कुंपणही सोडणार आहोत. कडक ऊन आणि सतत कात्री मागते, शिवाय न छाटता ठेवले तर त्याला येणारी पिवळी-केशरी फळे विषारी असतात. घरात रांगणारे मूल आहे.

बोगनवेलीबद्दल आम्हा दोघींत एकमत नाही. चितकबऱ्या पानांची 'थिम्मा' नावाची जात आहे, पानांच्या मध्ये पिवळसर रंग आणि फुले एकाच फांदीवर पांढरी आणि गुलाबी. उंचावरच्या बाल्कनीत वारा आणि ऊन दोन्ही सोसणारे याहून चांगले झुडूप नाही, हे मोठीचे मत. धाकटीचे म्हणणे, काटे आहेत आणि दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्ट्यांचा जीव जाईल. बघू.

आता काड्यांचे. जून-जुलै यासाठी उत्तम, कारण हवेत दमटपणा असतो. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी, फार कोवळी नाही, फार जून नाही. डोळ्याच्या लगेच खाली कापायची. चीक येत असेल तर टोक थोडा वेळ पाण्यात धरायचे. खालची पाने काढायची, वरची दोन-तीन ठेवायची, मोठी असतील तर अर्धी कापायची. निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट. यात खत अजिबात नको, खताने काडी कुजते. आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली भोके पाडून वापरतो. सावलीत ठेवायच्या, पावसाची धार थेट पडू द्यायची नाही. वर पाण्याची बाटली अर्धी कापून पालथी घातली तर दमटपणा टिकतो. आणि वरून नवे पान आले म्हणजे मूळ आले असे नाही, काडी आपल्या शिदोरीवर एखादे पान काढते. उपटून पाहायचा मोह आवरावा. क्रोटनच्या काडीला 5-6 आठवडे लागतात, तगर आणि जास्वंदीला महिनाभर.

मुळे भरली की कुंडी. सुरुवातीला 6 इंची, वर्षाने 10 किंवा 12 इंची. एकदम मोठ्या कुंडीत लहान रोप लावले तर माती ओली राहून मुळे कुजतात. लाल माती, जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समभाग घ्या. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा, खालची ताटली काढून टाका. मुंबईच्या पावसात झाडे तहानेने मरत नाहीत, बुडून मरतात.

12 इंची कुंडी ओल्या मातीसह 15-20 किलो भरते, म्हणून जाळीवर किंवा कठड्यावर ठेवू नये. तळमजल्यावर कुंडी पडली तर खापरी गोळा करायची. तेराव्या मजल्यावरून पडली तर खाली कोणाचे तरी मूल असते. जमिनीवर, भिंतीला लागून, एवढीच जागा. भाड्याचे घर कोणत्या दिशेचे मिळेल ते अजून ठाऊक नाही. पूर्वेची बाल्कनी असेल तर सगळीच चालतील. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी क्रोटनवर पांढरे जाळीचे कापड बांधावे लागेल. उत्तरेची मिळाली तर क्रोटन हिरवे होणार हे धरून चालू.

पाण्याबद्दल. आमच्या घरी अम्मींचे वजूचे पाणी टबात साठते आणि झुडपांना जाते, हे वर्षानुवर्षे चालू आहे. त्या पाण्यात साबण नसतो, म्हणून झाडांना काही बाधत नाही. गुडघे दुखू लागल्यापासून त्या मोरीपाशी स्टुलावर बसून वजू करतात, त्यामुळे टब ठेवणे आणखी सोपे झाले. कपडे-भांड्यांचे पाणी मात्र कुंडीत घालू नका. जमिनीत ते मुरून जाते, कुंडीत साबण साठत राहतो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्या मोरीशेजारच्या पडवीत चाळीसएक पिशव्या असतील. त्यांतल्या सगळ्याच आम्ही नेणार नाही. समोरच्या इमारतीतल्या दोघींना अकॅलिफा हवे आहे, काकूंना मुसांडा, आणि अम्मींच्या भाचीने रत्नागिरीहून फोन करून क्रोटन मागितले. तिकडचे मूळ झाड घराच्या दुरुस्तीत गेले म्हणे. अम्मींनी लगेच खडू मागवला आणि एका पिशवीवर खूण केली.

मुंब्र्याच्या एका बहिणीने विचारले आहे की नर्सरीतून आणलेल्या क्रोटनची पाने आठ दिवसांत गळू लागली, खत घालू का? घालू नका. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून घरात आले की क्रोटन पाने टाकते, जागा बदलल्याचा तो राग असतो. एकाच ठिकाणी ठेवा, रोज हलवू नका, वरची माती बोटभर कोरडी झाली तरच पाणी द्या. नखाने खोडाची साल किंचित खरवडून पाहा, आत हिरवे असेल तर महिन्याभरात फुटेल. खत त्यानंतर. पुढच्या अंकात मेंदीच्या कुंपणाबद्दल, त्याची तीन पत्रे आली आहेत.